सांडव्यावर चार फूट

हिंगोली, ता. ८ नोव्हेंबर १९३७

ती. सौ. अक्कास,
नामाचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला येतो म्हणून सांगितलं आणि आलो नाही. तू ताट करून वाट पाहिली असशील. रागावू नकोस, कारण वाचलंस की राग जाईल. तुमच्या निंबाळवाडीच्या वरच्या अंगाला, ओढा दोन टेकड्यांच्या मधून बाहेर पडतो तिथं, मातीचा बंधारा घालायचं ठरलं आहे आणि नकाशे काढायचं काम माझ्याकडं आलं आहे. अप्पामामांच्या एकाच पाटीवर अर्ध्या भागात तू आणि अर्ध्या भागात मी गणितं करायचो. आतेभाऊ असून तुमच्या घरी वाढलो. तुझ्या सासरच्या ओढ्याला मी बांध घालीन असं तेव्हा कुणाला वाटलं असतं!

पण अक्का, गाडं अडलं आहे, आणि ते बीजगणितात अडलं आहे. मातीच्या बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी एकदा वाहिलं की माती धुपते आणि तासाभरात तो फुटतो. म्हणून एका टोकाला खडकात वाट कोरतात. तिला सांडवा म्हणतात. पुराचं जादा पाणी तिथून निघून जातं. इथं खडक जेमतेम पन्नास-पंचावन्न फुटांचा, म्हणून सांडवा पन्नास फूट लांब धरलाय. बंधाऱ्याचा माथा सांडव्याहून सहा फूट उंच. मोठ्या पुरात सांडव्यावरून किती फूट खोल पाणी वाहील ते काढायचं आहे. सहाच्या आत आलं तर बंधारा राहील. सहावर गेलं तर फुटेल, आणि खाली तुमची वाडी आहे.

सूत्र साहेबांनी इंग्रजी पुस्तकातून दिलं. मी तुझ्यासाठी अक्षरं बदलली आहेत. प म्हणजे दर सेकंदाचं पाणी, ल म्हणजे लांबी, ख म्हणजे खोली:

प = ३ × (ल − ख/५) × ख√ख

ख हवा आहे, पण तो दोन ठिकाणी लपून बसलाय. मी ओढूनताणून बाहेर काढला तर सांडव्यावर बावीस फूट पाणी आलं! म्हणजे बंधाऱ्याच्याही वर. साहेब हसले नाहीत, नुसतं माझ्याकडं पाहिलं. हसले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक काम. या ओढ्याला आजवरचा सर्वांत मोठा पूर किती उंच आला होता, त्याची नोंद कचेरीत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारून एखादी खूण सापडली तर ओढ्याच्या तळापासून तिची उभी उंची मोजून कळव. सोबत कोष्टक आहे, पूर किती हात उंच आला तर किती पाणी, चार हातांपासून दहा हातांपर्यंत. बावीस फूट मी सहा हातांच्या ओळीवरून काढले.

दाजींना रामराम. शालूला पापा.

तुझा,
नामा


निंबाळवाडी, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, १९३७

चि. नामास अनेक आशीर्वाद.

ताट केलं होतं. तुझ्या नावानं पाटाला ओवाळलं आणि शालूनं करंजी खाल्ली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ज्वारीची राखण होती, म्हणून माळ्यावर बसून वाचलं. मग गोठ्याच्या मागच्या भिंतीवर कोळशानं सूत्र मांडलं. अप्पा म्हणायचे, ज्याला शोधायचं त्याला आधी एकटं करा. इथं ख एकटा होत नाही. एक ख कंसात आहे आणि एक बाहेर. दोन दिवस मी त्याच्याशी भांडले. भाकरी करपली. मग लक्षात आलं की कंसातला ख फार दुबळा आहे. पन्नास फुटांतून तो कमी करून करून करणार किती, फूटभर? मग पहिल्या खेपेला तो नाहीच असं समजायचं.

ख√ख = प ÷ (३ × ल)

आता ख√ख चा वर्ग केला की ख चा घन होतो. म्हणून आधी वर्ग करायचा आणि मग घनमूळ काढायचं. तू घन करून वर्गमूळ काढलंस, म्हणून बावीस. लहानपणीही तू जोडे उलटेच घालायचास.

पुराची खूण इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. ग्यानबा आजोबा म्हणाले, "सोनाजी पोटात व्हता त्या साली पूर आला, तवा पाणी सटवाईच्या पायाला लागलं आन् तिथंच थांबलं. देवीनं आडवलं." आमचे हे त्याच साली जन्मले, म्हणजे पस्तीस वर्षं झाली. सटवाईचा शेंदरी दगड ओढ्याकाठी चढावर आहे. लेकरू सव्वा महिन्याचं झालं की बाया त्याला घेऊन तिच्या पाया पडायला जातात. शालूला मीही नेलं होतं. पुरुष तिकडं फिरकत नाहीत.

मी काठी, दोरी आणि पाण्यानं भरलेली परात घेऊन गेले. परातीतल्या पाण्याच्या रेषेवर दोरी धरायची आणि काठीवर हात मोजत एकेक पायरी वर जायचं. तळापासून देवीच्या पायापर्यंत बरोबर सहा हात. दोनदा मोजले. सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "देवाला मापू न्हाई, चंद्रे. माप चुकतं." मी हसले. त्यांचा जुना भाविकपणा.

तर सहा हातांची ओळ, ११८० घनफूट. पहिल्या फेरीत ख येतो चाराला अर्धा इंच कमी. तो कंसात घालून पुन्हा काढला, तर चाराला केसभर कमी. तिसऱ्या फेरीत चार. मग कितीही फेऱ्या घे, तो हलत नाही. सांडव्यावर चार फूट पाणी. माथ्याला दोन फूट शिल्लक.

हे शेजारी बसून विचारत आहेत, भिंतीवर काय लिहून राहिली. सांगितलं तर म्हणाले, माझंबी दोन ओळी लिही. सांगून राहिले तसंच लिहिते: "नामाजीपंत, रामराम. तुमच्या अक्कानं गोठ्याची शाळा केली. म्हशी बराबर बसून शिकून राहिल्या, पर दूध मातर कमी झालं. ते कचेरीतून भरून पाठवा."

सौ. चंद्रभागा


हिंगोली, ता. १४ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार. तिळगूळ घे.

चार फूट! साहेबांनी आपल्या पुस्तकातल्या आलेखावर तपासलं. चारच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, यू हॅव ए हेड. अक्का, तोंडावर आलं होतं तुझं नाव, पण बाहेर पडलं नाही. एका शेतकऱ्याच्या बायकोनं गोठ्याच्या भिंतीवर हे सोडवलं असं म्हणालो असतो, तर कागद परत फिरला असता. असं मी स्वतःला सांगतो. खरं कारण तुला माहीत आहे.

मागल्या आठवड्यात जागा आखायला आलो होतो, तुमच्या घरापर्यंत येणं झालं नाही. सटवाईची उंची एकदा दुर्बिणीनं पाहावी म्हणून निघालो, तर आमचा मुकादम उत्तमसिंग वाटेत उभा राहिला. "साहब, वो औरतों की जगह है. मजदूर काम छोड देंगे." सोबतच्या गड्यांनीही माना डोलावल्या. मग आग्रह केला नाही. तू दोनदा मोजलंस, मी तिसऱ्यांदा मोजून वेगळं काय येणार?

दाजींना सांग, दुधाची तक्रार वर पाठवली आहे.

तुझा,
नामा


निंबाळवाडी, ज्येष्ठ शुद्ध दशमी, १९३८

चि. नामास अनेक आशीर्वाद.

बंधारा पुरा झाला. तुझी बदली तिकडं करीमनगरला झाली आणि तुला तो भरलेला पाहता येणार नाही, याचं वाईट वाटतं. उत्तमसिंगानं सांडव्याच्या बाजूच्या भिंतीवर चुन्यानं एक ते सहा फुटांचे पट्टे काढले आहेत. चाराचा पट्टा यांनी गेरूनं तांबडा केला. जवळा बाजारच्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, "पाणी तांबड्या पट्ट्यावर येनार आन् बसनार. माझ्या बायकोचं गणित हाय." परवा एकानं विचारलं, बाईचं गणित का? तर म्हणाले, "काहून? तुझ्या घरी भाकरी कोन मोजतंय?" मला लाज वाटते, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटतं.

गुढीपाडव्याला गोठा पांढरा करताना त्यांनी ती भिंत तेवढी सोडली. म्हणाले, अक्षर पुसलं तर म्हशी नापास होतील.

सासूबाईंचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. रोज सटवाईकडं जातात. मला दोनदा विचारलं, "पाणी लई आलं तर कुठवर येईल गं?" मी म्हटलं चार फूट. परवा भाकरी थापताना म्हणाल्या, "तुझं गणित दगडावरून हाय का पाण्यावरून?" मी म्हटलं, दोन्ही एकच की आत्याबाई. पाणी दगडापर्यंत आलं होतं ना? त्या उठून गेल्या. आता वय झालं. शालूला नजरेआड होऊ देत नाहीत, आणि यांनाही. एवढा बाप्या झालेला लेक, तरी शेतातून यायला उशीर झाला की वेशीत जाऊन उभ्या राहतात.

हे म्हणतात, लिही: "मेव्हणे, करीमनगरात काय खाता? भातच ना? मंग गणित कसं येईल. ज्वारी पाठवतो."

सौ. चंद्रभागा


निंबाळवाडी, भाद्रपद वद्य अष्टमी, १९३८

चि. नामास आशीर्वाद.

बंधारा फुटला. पंचमीला दुपारी. वस्ती आधीच उठवली होती, म्हणून लेकरंबाळं वाचली. खालच्या अंगाची जमीन खरवडून गेली. घराला ओल आहे, पण घर उभं आहे. शालू बरी आहे.

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवावं म्हणून लिहिलं. जपून राहा.

चंद्रभागा


करीमनगर, ता. ३ ऑक्टोबर १९३८

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज तेच एक गणित करतो आहे. तुझ्या तिन्ही फेऱ्या केल्या. उलटीकडून केलं. ख च्या जागी चार घालून प काढला, ११८० येतात. तुझ्या गणितात चूक नाही, आणि सूत्रातही नाही. मग पाणी सहाच्या वर गेलं कसं? बांधणीत कुठं चोरी झाली का? उत्तमसिंगाचा निरोप आहे की पाणी माथ्यावरून गेलं आणि मगच फुटलं. म्हणजे माती पक्की होती. पाणीच जास्त आलं.

कचेरीतून मला लेखी जबाब मागितला आहे. पुराची उंची कुणी मोजली, कशावरून मोजली. महिन्याभरात द्यायचा आहे.

तुझं पत्र फार लहान आहे, अक्का. दहा वेळा वाचलं. खाली दाजींची ओळ नाही. रागावले का माझ्यावर? रागावायचा त्यांना हक्क आहे. त्यांना म्हणावं, शिव्या लिहा, पण दोन ओळी लिहा.

तुझा,
नामा


निंबाळवाडी, कार्तिक शुद्ध चौथ, १९३८

चि. नामास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात माझ्या नावाआधी जे अक्षर असतं, ते यापुढं लिहू नकोस. पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीवरच नजर अडली. पुढचं वाचायला तीन दिवस लागले. मागच्या पत्राखाली मी ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, तू पाहशील. मग वाटलं, बरं झालं नाही पाहिलंस. तेवढे दिवस एका माणसाच्या मनात तरी हे जिवंत होते.

उत्तमसिंग येऊन सांगून गेला, ते तुला सांगते.

पंचमीला सकाळपासून पाणी चढत होतं. दुपारी ते तांबड्या पट्ट्यावर आलं. बांधावर आठ-दहा जण होते. ग्यानबा आजोबा म्हणाले, वाडी उठवा. हे म्हणाले, "थांबा वो. लेकरायला काहून भिजवता? चारावर येऊन बसतंय पाणी." पाव घटका ते तिथंच राहिलं, आणि यांनी सगळ्यांकडं असं पाहिलं म्हणे, जशी काही त्यांनीच ती आकडेमोड केली होती. मग चढायला लागलं. ग्यानबा आजोबांनी कुणाचं न ऐकता माणसं घेऊन वाडी उठवली. पाच झाले तेव्हा उत्तमसिंग म्हणाला, चलो सोनाजी. हे हसून म्हणाले, "आर्धा इंच इकडंतिकडं व्हईल म्हनली व्हती ती." आणि मातीची पाटी उचलली. बांध जिथं खचल्यासारखा दिसत होता तिथं माती टाकत राहिले. सगळे निघाले तेव्हा मागून ओरडून सांगितलं, "घरी बोलू नका पाच झालं म्हनून. जिवाला लावून घेईल."

ते दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरच्या रस्त्याकडच्या बाभळीत सापडले.

आता उंचीचं. तेराव्यानंतर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या हातात माझी मोजायची काठी होती. म्हणाल्या, "तू दोरी लावली तवाच सांगाया पाह्यजे व्हतं मला." पस्तीस वर्षांमागं पूर आला आणि पाणी सटवाईच्या पायाला लागलं, हे खरं आहे. पण सटवाई तेव्हा आता आहे तिथं नव्हती. ती वर होती, खडकाच्या कपारीत. पुरानंतर सव्वा महिन्याच्या यांना घेऊन सासूबाई पाया पडायला गेल्या. सोबत त्यांची जाऊ शकुबाई होती, तिच्याही कडेवर तान्हं लेकरू. वाट ओली होती. शकुबाईचा पाय घसरला आणि लेकरू गेलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी बाप्ये गावात नाहीत असं पाहून पाच जणींनी देवी उचलली आणि खाली, सोप्या जागी आणून बसवली. कुणाच्या नवऱ्याला सांगायचं नाही अशी शपथ घेतली. जी देव हलवते तिचं लेकरू जातं, असं म्हणतात. बोललं की देवी ऐकते, म्हणून आपसातही पुन्हा बोलल्या नाहीत. चौघी मरून गेल्या. राहिल्या सासूबाई.

नामा, पुरुषांना पाणी कुठवर आलं ते आठवत होतं. बायांना दगड कुठं होता ते ठाऊक होतं. पुरुष कधी देवीकडं गेले नाहीत आणि बाया कधी बोलल्या नाहीत. मध्ये मी परात घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं, मी बरोबर मोजते आहे.

सासूबाई म्हणाल्या, "सोनाजीसाठी गप ऱ्हायले गं मी. बोलले तर माझं लेकरू जाईल म्हनून." मग काठी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, मार. मी काय मारू? त्यांना कपारीकडं घेऊन गेले. त्यांनी पायानं जागा दाखवली. मी मोजलं. नऊ हात.

तुझ्या कोष्टकात नऊ हातांना सव्वीसशे घनफूट आहेत. पन्नास फुटांच्या सांडव्यावर ते सहा फूट दहा इंच होतात. मी एकाच बैठकीत काढलं. या वेळी कुठं अडलं नाही.

जबाबात खरं ते लिही. मोजणारी मी. गणित झाल्यावर गोठ्याच्या त्या भिंतीवर शेण सारवलं.

चंद्रभागा


करीमनगर, ता. २१ नोव्हेंबर १९३८

ती. अक्कास,
नमस्कार.

जबाब दिला. उंची मी स्वतः मोजली, खूण ओळखण्यात माझी चूक झाली, असं लिहिलं. तुझं आणि तुझ्या सासूबाईंचं नाव कुठं नाही. चांगलं उत्तर आलं होतं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही. आता कोणत्या तोंडानं घेऊ?

इथं मन लागत नाही. ही नोकरी सोडावी म्हणतो.

दाजींनी पाठवलेली ज्वारी अजून थोडी आहे. दळायला देववत नाही.

नामा


पूर्णा, ता. ५ डिसेंबर १९४८

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

दहा वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही. लिहायला बसलो की मायना सुचत नसे. इथं एका खासगी शाळेत अंकगणित शिकवतो. या वर्षी एवढी उलथापालथ झाली, माणसं घरंदारं सोडून गेली आणि काही परतली, तू तरी तिथं आहेस की नाही हेही ठाऊक नव्हतं. उत्तमसिंग स्टेशनवर भेटला, म्हणाला, आहे.

निजामाचं राज्य गेलं. नवे अधिकारी आले आहेत. त्यांच्यापैकी एकानं कचेरीतल्या जुन्या कागदांची बासनं उघडली आणि मला शोधत आला. निंबाळवाडीचा बंधारा पुन्हा घालायचा म्हणतात. त्यांना पुराची खरी उंची हवी आहे. मी म्हणालो, ती मला सांगता येणार नाही. जिनं मोजली तिला विचारतो आणि तिचं नाव कागदावर घालणार असाल तरच विचारतो. ते हो म्हणाले.

तू नाही म्हणालीस तर मी तसंच कळवीन. पुन्हा विचारणार नाही.

नामा


निंबाळवाडी, पौष शुद्ध द्वादशी, १९४९

चि. नामास अनेक आशीर्वाद.

नोकरी तू सोडली नव्हतीस, तुला काढलं होतं, हे मला उत्तमसिंगानं त्याच वर्षी सांगितलं. दर दिवाळीला तुला कार्ड लिहायचे. पेटीत दहा कार्डं आहेत. तुझ्यासारखंच माझंही. तुला काय म्हणावं कळत नसे. तू माझा गुन्हा घेतलास म्हणून उपकार मानावे, की विचारल्याशिवाय घेतलास म्हणून रागवावं?

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटी दोन महिने अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं. आम्ही त्या गोष्टीबद्दल पुन्हा बोललो नाही, पण रोज संध्याकाळी त्या माझा हात धरून ठेवत. धरू देत होते.

शालू बाळंतपणाला आली आहे. मुलगा झाला. मागल्या आठवड्यात त्याला सव्वा महिना झाला. मी वाडीतल्या बायांना म्हटलं, देवी जिथली तिथं ठेवू. कुणी घाबरलं, कुणी रडलं. मी म्हटलं, जे जायचं ते माझं गेलं आहे, पहिला हात मी लावते. मग सात जणी आल्या. या वेळी बाजाराचा दिवस पाहिला नाही. पुरुषांना सांगून बोलावलं. ग्यानबा आजोबा नव्वदीला आले, त्यांना खाटेवर उचलून आणलं. त्यांना काहीही न सांगता विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी काठीनं दाखवलं. सासूबाईंनी पाय ठेवला होता त्याच कपारीकडं. मग त्यांच्यादेखत दगड वर बसवला, आणि वाटेला दगडी पायऱ्या घालायचं वाडीनं कबूल केलं. शालूनं लेकराला पायावर घातलं. मोजताना दोरीचं एक टोक तिच्या हातात होतं.

नऊ हात. माझं नाव घाल.

आता गणित. मागच्या वेळी आपण लांबी धरली आणि खोली शोधली. या वेळी मी सूत्र दुसऱ्या अंगानं फिरवलं आहे. खोली धरली आणि लांबी शोधली. ल एकाच ठिकाणी असतो, त्याला फेऱ्या लागत नाहीत:

ल = प ÷ (३ × ख√ख) + ख/५

सव्वीसशे घनफूट पाणी दोन सांडव्यांतून निम्मं निम्मं सोडायचं. एकेकाची लांबी पंचावन्न फूट. एका टोकाला खडक आहे. दुसऱ्या टोकाला खडक नाही, तिथं दगडी बांधकाम करावं लागेल. खर्चाचं कारण सांगतील. ऐकू नको म्हणावं.

नवा साहेब विचारील की खोली पाच का नाही धरली, पाचही सहाच्या आतच आहे आणि लांबी वाचली असती. त्याला तू काहीही सांग. खोली मी चारच धरली आहे. पूर केवढाही येवो, पाणी चारावर यावं आणि बसावं. चाराचा पट्टा तांबडा काढायला सांग.

पत्र संपलं. खाली दोन ओळींची जागा सोडते.

चंद्रभागा